सगळ्यात लाडकी कोंबडी

१३ जुलै २०२५, रविवार
पाड्यावरून

सारिका,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू तोंड फिरवशील, मला ठाऊक आहे. फिरव. पण वाचून झाल्यावर फिरव. आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात अठरा वर्षं भाकरी थापल्या तेव्हा बोटं दुखली नाहीत, ती या एका पानाने दुखायला लागली आहेत.

पाच रविवार झाले, धुळ्याला तुझ्या वसतिगृहात फोन लावते. मॅडम तुला हाक मारतात आणि मग मला सांगतात, "ती झोपलीय." सकाळी अकराला? तुझी आई गेली तेव्हा तू दोन वर्षांची होतीस, तेव्हापासून आठ वर्षं मी तुला वाढवलं. कोंबड्याच्या आधी उठणारी पोर अकरापर्यंत झोपत नाही. तुला माझ्याशी बोलायचं नाही, एवढंच खरं.

बरं, नको बोलू. कोंबड्यांची खबर तर घेशील?

फौजदार अजून तसाच आहे. पहाटे एकदा आरवतो, कोणी उठलं नाही की चुलीशी येऊन कानात आरवतो. खुराड्याचं दार उघडलं की सगळ्यांत आधी लंगडी बाहेर. पाय एक अधू, पण मान तिचा. ती दाणे टिपेपर्यंत बाकीच्यांची पुढे यायची टाप नाही. मग सगळ्या उकिरड्यावर जातात. दोन पायांनी माती मागे फेकायची, एक पाऊल मागे यायचं, मान वाकडी करून बघायचं, किडा दिसला की टिपायचा. दुपारी बोरीखालच्या धुळीत लोळतात, पंखात धूळ भरून घेतात, त्याने पिसवा मरतात. यंदा पावसाने सगळा चिखल केला, म्हणून मी ओसरीत चुलीची राख पसरून दिली आहे. आता माझ्या ओसरीत रोज आंघोळीचा घाट भरतो.

टिकलीची पिल्लं नऊ होती, आता चार राहिली. दोन घारीने नेली, एक पावसात गारठलं, दोन तर तुझ्यासमोरच गेली होती. उरलेल्या चौघांत दोन कोंबड्या आहेत.

टिकलीला रानमांजराने नेलं, हे मी तुला तेव्हाच सांगितलं. पुन्हा पुन्हा तेच काय लिहू. तुझ्या मांडीवर झोपणारी, तुझ्या पाटीवरच्या अक्षरांवर चोच मारणारी कोंबडी गेली, तुला वाईट वाटणारच. मलाही वाटतं.

एकच मागणं आहे. तुझा बाप दिवाळीला तुला सुरतेला नेतो म्हणतो. तू इकडे ये. घरात माणूस नसलं की कोंबड्यासुद्धा लवकर खुराड्यात शिरतात.

तुझी,
दगडी आत्या


३ ऑगस्ट २०२५, रविवार

सारिका,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, वहीचं अर्धं पान आणि त्यावर एक ओळ: "रानमांजर पायातला लाल दोरा सोडून, राखेत पुरून जात नाही."

वाचून मी पाट घेऊन बसले ते बसलेच. लंगडी येऊन पानाला चोच मारून गेली, तरी हलले नाही.

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आमच्यात लहान पोरालाही सांगतात. मी मात्र पन्नाशी उलटल्यावर कोंबडं झाकायला निघाले. तू टिकलीच्या पायात बांधलेला दोरा तुला उकिरड्यावरच्या राखेत सापडला, तेव्हाच तुला कळलं. निघायच्या दिवशी तू तो मुठीत धरून जीपमध्ये बसलीस, माझ्याकडे पाहिलं नाहीस. मला वाटलं, वसतिगृहात जायचं म्हणून पोर रुसली.

तर लिहिते. रानमांजर आलं नव्हतं. टिकलीला मी कापलं. माझ्या हाताने.

तुला काय वाटत असेल तेही मला कळतं. त्याच दिवशी तुझा बाप सुरतेहून तुला न्यायला आला होता. भाऊ वर्षाने घरी आला, म्हणून बहिणीने पाहुणचाराला कोंबडी कापली, तीही पोरीची. तसं नाही, सारिका. सुकलालच्या पाहुणचाराला मी फौजदार कापला असता, स्वतःची बोटं कापली असती, पण तिला हात लावला नसता.

मग का, ते विचारू नकोस. मला सांगता येत नाही. सांगायचं नाही असं नाही, सांगता येत नाही. यात फरक आहे, आणि तो मोठी झाल्यावर तुला कळेल असं म्हणणाऱ्या माणसांचा मला लहानपणी फार राग यायचा. आज मीच त्यांच्यात जाऊन बसले.

काळी खुडूक बसली आहे. जागची उठत नाही, अंगावर धावून येते. तिच्याखाली अकरा अंडी ठेवली, प्रत्येकावर कोळशाची रेघ ओढली. दुसरी कोणी मध्येच घालून गेली तर रेघ नसलेलं अंडं काढून घ्यायचं. हे काम तुझं असायचं. तू रेघा नाही, नाकडोळे काढायचीस. मी यंदा नुसत्या रेघाच काढल्या.

दिवाळीचं अजून काही लिहिलं नाहीस.

दगडी आत्या


२४ ऑगस्ट २०२५, रविवार

सारिका,

तुझ्या वाढदिवसाला मी धुळ्याला आले होते. तुला मॅडमने सांगितलं असेलच.

केक मीच केला. गेल्या वर्षी अंगणवाडीच्या बाईंच्या मोबाइलवर बघून तू केला होतास आणि मी नुसती कुकरची झाकणं उघडत होते, ते आठवून आठवून केला. गावठी अंडी लहान, म्हणून दोनच्या जागी तीन घेतली. आधी पाण्यात टाकून पाहिली. बुडालं ते ताजं, तरंगलं ते फेकायचं. एक तरंगलं. लंगडी कुठेतरी गवतात घालून विसरली असणार. मग अंडी आणि दळलेली साखर फेटायला घेतली. तू म्हणायचीस, फेस पांढरा होऊन दुप्पट फुगेपर्यंत थांबायचं नाही. माझा हात भाकरीचा, फेटण्याचा नाही. पण नाही थांबले. मग तेल, मैदा, चिमूटभर पावडर, दूध. कुकरच्या तळाला मिठाचा थर, त्यावर डबा, झाकणाची शिट्टी आणि रबर काढून मंद आचेवर पाऊण तास. काडी खुपसली, कोरडी निघाली. वरून भेगाळला होता, पण रंग असा पिवळाधमक की हळद घातली का, असं शेजारची सुंदरबाई विचारून गेली. आपल्या कोंबड्या गवत न् किडे खातात, त्यांच्या बलकाचा रंग तो.

एसटीत साक्रीपर्यंत उभं राहावं लागलं, तेव्हा डबा डोक्यावर घेतला. पुढे बसायला मिळालं तेव्हा मांडीवर.

फाटकाशी दीड तास थांबले. मॅडम दोनदा आत जाऊन आल्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ती नको म्हणते हो." वरच्या खिडकीत पडद्यामागे कोणीतरी उभं होतं. तू असशील किंवा नसशील. मी हात केला.

केक मॅडमच्या हातात दिला आणि सगळ्या पोरींना वाटा म्हटलं. तुला एक तुकडा मिळाला असेल. खाल्लास की नाही, मी विचारलं नाही.

घरी आले तेव्हा दिवस मावळत होता आणि कोंबड्या आपापल्या खुराड्यात गेल्या होत्या. त्यांना हाकलावं लागत नाही. त्यांना वेळ कळते आणि घर कळतं. मी दार लावलं आणि तिथेच पायरीवर बसून रडले. लपवून काय करू? सुंदरबाई शेजारी येऊन बसली. तिला सगळं माहीत आहे. म्हणाली, "पोरले सांगी टाक व दगडीबाई. देव काय कान लाई बसेल शे का?"

मी म्हटलं, "आन बसेल शे तं?"



दगडी आत्या


५ ऑक्टोबर २०२५, रविवार

सारिका,

काल दिवाळीबद्दल तुझ्या बापाचा फोन आला. "अक्का, पोर नही म्हनस. सुरतले चाल म्हनस." ते मी ऐकून घेतलं. तुझ्या बापाचं घर आहे, जा. पण पुढे तो म्हणाला, वसतिगृहात बुधवारी उकडलेलं अंडं देतात ते तू घेत नाहीस. मटण, कोंबडी काही नाही. वजन चार किलोने उतरलं. मॅडमने विचारलं तर म्हणालीस, "मला चालत नाही."

मी फोन ठेवला आणि ठरवलं. आता सांगते. देव कान लावून बसला असेल तर बसू दे, पुढचं मी त्याच्याशी बघून घेईन. माझ्यावरच्या रागाने तू वाळत चाललीस, तर मी गप्प राहून वाचवलं काय?

होळीच्या आधी तुला ताप आला होता, आठवतं? तुला थोडंच आठवेल. दुपारची वेळ, अंग तव्यासारखं तापलेलं. पिंपळनेरच्या दवाखान्यात न्यायला जीप केली. पाड्याच्या शिवेवर आलो आणि तुला झटका आला. डोळे वर गेले, दात बसले, हातपाय ताठ. मी तुला हाका मारल्या, तू माझी नव्हतीसच. जीप वाघदेवाच्या दगडाशेजारून चालली होती. माझ्या तोंडातून निघालं, "देवा, पोर राहू दे. घरातली सगळ्यात लाडकी कोंबडी तुला देते."

बाकीचे लोक कसं बोलतात? "कोंबडा देईन." संपलं. बाजारातून आणायचा, कोणताही. मी घाबरटासारखी मोठं बोलून बसले. कमी बोलले तर देवाला कमी वाटेल, अशी भीती. आणि घरातली सगळ्यात लाडकी कोण, हे देवाला वेगळं सांगायला नको होतं. ती तेव्हा आपल्या महिन्याच्या नऊ पिल्लांना घेऊन अंगणात फिरत होती.

तू वाचलीस. नर्सबाई म्हणाली, मलेरिया आहे, वेळेवर आणलंत. सुया, सलाईन, गोळ्या, सगळं झालं. मी मान डोलावली. पण नवस मीच बोलले होते ना.

मग मी टाळाटाळ केली. देवाला म्हटलं, पिल्लं लहान आहेत, आईवेगळी पोरं कशी जगतात ते मला माहीत आहे, थोडा थांब. एप्रिलमध्ये तर मी त्याला फसवायलाच गेले. सुंदरबाईकडून चांगला तांबडा कोंबडा विकत घेतला, आठ दिवस त्याला हाताने दाणे भरवले, "माझा लाडका, माझा लाडका" म्हणत कुरवाळला आणि नेऊन वाहिला. परत येताना मी हसतसुद्धा होते, काय डोकं चालवलं म्हणून.

जूनमध्ये तुला पुन्हा ताप आला. दोन दिवस उतरेना. नर्सबाई म्हणाली, हा ताप असाच काही महिन्यांनी उलटतो, चौदा दिवसांच्या गोळ्या पुऱ्या घ्या. मी गोळ्या दिल्या. पण मला दिसत होता तो जीपमधला झटका. तिसऱ्या दिवशी सकाळी तू झोपली होतीस. मी टिकलीला हाक मारली. ती आली, नेहमीसारखी. माझ्यामागे चालत वाघदेवापर्यंत आली, सारिका. मला तिला उचलून न्यावंही लागलं नाही.

तुला सांगितलं नाही, कारण माझी आई सांगायची, ज्याच्यासाठी नवस बोललो, त्याच्या कानावर गेला की तो फिटत नाही. म्हणून रानमांजर.

आणखी एक आहे. ते लिहू की नको, असं करत दोनदा पेन खाली ठेवलं. नवसाचा घास ज्याच्यासाठी नवस, त्याच्या तोंडात पडायला हवा. त्या दुपारी मी तुला वाटीभर रस्सा पाजला आणि तू म्हणालीस, "आत्या, छान झालाय." तो तिचा होता. तुला ते कळलं असेल असं मला आता वाटतं. म्हणूनच तू अंडं खात नाहीस ना?

आता सगळं लिहिलं. हातचं काही राखलं नाही. मला काय म्हणायचं ते म्हण. फक्त खात जा. आणि अंग जरा गरम लागलं तरी लगेच मॅडमला सांग, लाजू नको, एका मिनिटाचाही उशीर करू नको.

दगडी आत्या


२ नोव्हेंबर २०२५, रविवार

सारिका,

भाऊबिजेला बापाबरोबर येशील असं मला वाटलं नव्हतं. मी अंगणात तांदूळ निवडत होते. तू फाटकातून आलीस, उंच झालेली, केस कापलेले, आणि म्हणालीस, "आत्या, कशा आहात?"

आहात! अगं, आठ वर्षं माझ्या कुशीत झोपलीस, माझ्याशी आपल्या बोलीत भांडलीस. मी पाहुणी झाले की तू? तुझ्या बापाला ओवाळलं, त्याने पातळ दिलं, जेवणं झाली. तू भाजी-भाकरी खाल्लीस. तू खुराड्याकडे गेलीस तेव्हा मी मुद्दाम आत राहिले. टिकलीच्या लेकीने अंडी घालायला सुरुवात केली आहे, पहिलं अंडं लिंबाएवढं होतं, हे मी सांगणार होते. पण तू परत आलीस ती ओंजळीत तीन अंडी घेऊन. "केक करायचा का?" म्हणालीस. मी पटकन कुकर शोधायला वळले.

तू अंडी पाण्यात टाकून पाहिलीस. तिन्ही बुडाली. एकेक फोडून वाटीत घेतलंस, टरफल पडलं ते टरफलानेच काढलंस. मग फेटायला बसलीस. मी मैदा चाळत होते. तुझा बाप बाहेर सुंदरबाईच्या नवऱ्याशी बोलत होता.

मग तू म्हणालीस, "आत्या, तुम्ही मला आधी विचारलं असतं ना, तर मी नाही म्हणाले असते. मग तुम्ही काय केलं असतं?"

मी म्हणाले, "हात थांबवू नको, फेस बसेल."

तू हात थांबवला नाहीस. केक चांगला झाला. तू एक घास खाल्लास, डोळे मिटून, औषध घेतात तसा. मग आणखी एक. त्या दुसऱ्या घासासाठी मी देवाला हात जोडले, नवस मात्र बोलले नाही. पाचच्या गाडीला तुम्ही निघालात. वाकून नमस्कार केलास, गळ्यात पडली नाहीस. मी जीपच्या मागे चार पावलं चालले, तू वळून पाहिलंस की नाही ते धुळीत दिसलं नाही.

तू विचारलंस आणि मी फेस बसेल म्हणाले. तुझ्या मास्तरणीने असं उत्तर दिलं असतं तर तू तिलाही सोडलं नसतंस. दहा दिवस झाले, मी कोंबड्यांना दाणे टाकते न् मनात तुला उत्तर देते. आज लिहून टाकते.

तरी कापली असती.

तू नाही म्हणाली असतीस, पाया पडली असतीस, तिला कवटाळून बसली असतीस, तर तुझे हात सोडवून नेली असती. तू मला चावली असतीस तरी नेली असती. देव खरा की नर्सबाईच्या गोळ्या खऱ्या, मला अजून माहीत नाही, आणि त्या जीपमध्ये ते विचारत बसायला वेळ नव्हता. खोटं बोलले त्याची माफी मागते. रस्सा न सांगता पाजला त्याची मागते. पण कापली त्याची मागणार नाही. ती वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा तेच करीन, म्हणून आज माफी मागितली तर तुला दुसऱ्यांदा फसवल्यासारखं होईल.

तेव्हा राग धरायचा तर धर, पोरी. मी मेल्यावरही धर. केस पांढरे होईपर्यंत, दात पडेपर्यंत धर. तेवढं आयुष्य तुला मिळावं म्हणूनच तर दिली.

दगडी आत्या